गणपतीत सगळे एकसारखेच का नाचतात

प्रिय ओवी,

तुझा व्हॉइस मेसेज ड्युटी संपल्यावर रूमवर येऊन नीट ऐकला. गौरी-गणपतीच्या विसर्जनाला वेळणेश्वरच्या किनाऱ्यावर जाताना वाडीतले काका, मुंबईहून आलेले चाकरमानी, अगदी म्हातारी माणसं पण सगळे एकसारखेच का नाचतात, शाळेत डान्सच्या सरांनी शिकवलेलं कोणीच का करत नाही, आणि आजोबा म्हणाले की ही भगवानदादांची स्टेप, तर हे भगवानदादा कोण, असं तू विचारलंस. फोनवर गडबडीत सांगण्यासारखं नाहीये हे, म्हणून लिहितोय. लांब झालं तर आजीकडून वाचून घे.

आधी ती स्टेप नीट बघ हां. गुडघे थोडे वाकलेले, दोन्ही हात कोपरातून वर, कंबर आणि खांदे डावी-उजवीकडे, आणि पाय जागचे जेमतेम हलतात, भातलावणीच्या वेळी चिखलातून उचलतो तसे सावकाश. उडी नाही, गिरकी नाही, दम लागत नाही. डोक्यावर गणपती घेतलेल्या माणसाच्या पुढे, खालू बाजाच्या, म्हणजे आपल्या ढोल-सनईच्या तालावर, पावसात चिकट झालेल्या पाखाडीच्या वाटेवरून नाचायचं तर असंच नाचता येतं. आपली जाखडी तू बघितलीस ना, एका पायात चाळ, मधे मृदंगवाला आणि गाणारे बसलेले आणि बाकीचे गोल फिरणारे, तिला तालीम लागते, पोरं महिनाभर आधी तयारी करतात. मिरवणुकीत तसं चालत नाही, तिथे ज्याला वाटलं तो शिरतो.

तर भगवानदादा. पूर्ण नाव भगवान आभाजी पालव. जन्म १ ऑगस्ट १९१३, अमरावतीचा, पण वाढले मुंबईत दादर-परळच्या गिरणी भागात, वडील गिरणी कामगार. शिक्षण फार नाही, मजुरी केली, पण डोक्यात सिनेमा. तेव्हा सिनेमा मुका होता, पडद्यावरची माणसं बोलायची नाहीत, त्या काळात ते छोट्या छोट्या कामांपासून सुरू झाले. १९३८ साली 'बहादूर किसान' नावाच्या सिनेमाचं दिग्दर्शन दुसऱ्या एकाबरोबर मिळून केलं आणि मग पुढची दहा-अकरा वर्षं मारामारीचे कमी पैशांतले स्टंटपट काढत राहिले. कमी पैशांत म्हणजे किती, तर कलाकारांच्या जेवणाची सोय सुद्धा स्वतःच बघायचे. हे सिनेमे बघणारे कोण, तर गिरणीत पाळी संपवून येणारे कामगार. आणि गिरण्यांत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातली किती माणसं होती ते तुला आजोबा सांगतील. तुझे पणजोबा परळला गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, गावच्या खोलीत राहायचे, एका खोलीत सगळे गाववाले, भिंतीला ट्रंका, आणि ज्याची रात्रपाळी असेल त्याच्या जागेवर दिवसपाळीवाला झोपणार. अशा माणसाला रविवारी पडद्यावर आपल्यासारखाच एक जाडजूड, ठेंगणा, साध्या चेहऱ्याचा माणूस हिरो म्हणून दिसला तर काय वाटत असेल बघ.

मग राज कपूर त्यांना म्हणाले की मारामारीचे सिनेमे पुरे, आता सामाजिक विषयाचा काढ, आणि १९५१ मध्ये आला 'अलबेला'. दिग्दर्शक भगवान, हिरो भगवान, हिरॉइन गीता बाली, संगीत सी. रामचंद्र. गोष्ट तुला आवडेल, एक गरीब कारकून, त्याला नाटकात जायचंय, घरी बहिणीच्या लग्नाला पैसे नाहीत, बापाचं आणि त्याचं भांडण होतं, तो घर सोडतो आणि पुढे मोठा कलाकार होतो. त्या वर्षी 'आवारा' आणि 'बाजी' होते, त्यांच्या जोडीने हा पण धो धो चालला. 'शोला जो भडके' आणि 'भोली सूरत' ही दोन गाणी यूट्यूबवर लाव. सी. रामचंद्र म्हणजे आपले चितळकर, दोन्ही गाण्यांत भगवानदादांसाठी आवाज त्यांनीच दिलाय. गीता बाली किती चपळ नाचते आणि हे शेजारी किती निवांत, आणि तरी नजर यांच्यावरच राहते, मला तरी तसंच होतं. पुढे अमिताभ बच्चनपासून गोविंदापर्यंत किती जणांनी ही ढब उचलली. स्टेप मोठ्या हिरोंनी घेतली पण ती लोकांकडे राहिली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

अजून एक गोष्ट सांगतो, कारण भगवानदादा आवडायचे तर ही पण माहीत असली पाहिजे. १९४२ साली एका सिनेमाच्या शूटिंगला त्यांना ललिता पवारांना थोबाडीत मारायचा सीन होता, आणि ती चापट खरीच जोरात बसली. ललिताबाई तेव्हा हिरॉइन होत्या. डाव्या डोळ्याला इजा झाली, चेहऱ्याच्या एका बाजूला लकवा झाला, कितीतरी काळ उपचार चालले आणि डोळा कायमचा बारीक राहिला. हिरॉइनची कामं संपली. मग त्या बाईंनी त्याच डोळ्यासकट कजाग सासवा आणि प्रेमळ आया अशा केल्या की लोक विसरू शकले नाहीत. आजीला विचार, टीव्हीवरच्या 'रामायण'मधली मंथरा म्हणजे त्याच. मुद्दाम केलेलं नव्हतं ते, पण भोगलं ललिताबाईंनी, आणि ते तू लक्षात ठेवावंस असं मला वाटतं.

'अलबेला'नंतर भगवानदादांकडे जुहूला मोठा बंगला, दारात गाड्या, चेंबूरला स्वतःचा स्टुडिओ तर आधीपासूनच होता. मग 'झमेला' काढला, 'लाबेला' काढला, तसं काही पुन्हा जमलं नाही. 'हंसते रहना' म्हणून एक मोठा सिनेमा स्वतःचे पैसे घालून सुरू केला, किशोर कुमार हिरो, तो अर्धवट बंद पडला आणि सगळं गेलं. बंगला गेला, गाड्या गेल्या, आणि हा माणूस परत दादरच्या चाळीत राहायला आला. नंतर मिळतील ती कामं केली, कुठे एक सीन, कुठे गाण्यात दोन सेकंद तीच स्टेप. सिनेमावाले ओळखीचे लोक येईनासे झाले, सी. रामचंद्र आणि ओमप्रकाश यांच्यासारखे थोडेच येत राहिले. ४ फेब्रुवारी २००२ ला दादरला त्याच घरात गेले, ८८ वर्षांचे होते.

आणि आता तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर. त्या चाळीवरून गणपतीची मिरवणूक जायची तेव्हा ती थांबायची असं दादरचे लोक सांगतात, बॅन्डवाले 'भोली सूरत' वाजवायचे आणि लोक त्यांच्या समोर त्यांचीच स्टेप करून नाचायचे. त्यांना कोणी पैसे परत मिळवून देऊ शकलं नाही, पण ज्या माणसाने आपल्याला नाचायला शिकवलं त्याच्या दारात नाचून जायचं, एवढं लोकांनी केलं. आपल्याकडे मान देण्याची ही पद्धत आहे ओवी. हार-तुरे, सत्कार, शाल-श्रीफळ हे सगळं आहेच, पण ज्याचं घेतलं ते त्याच्यासमोर करून दाखवायचं हा आपल्या लोकांचा मान. तिथून चाकरमानी ती स्टेप गावी घेऊन आले, दर गणपतीला घेऊन आले. १९८२ चा संप झाला, गिरण्या बंद पडल्या, आजोबा कायमचे गावी आले, खोली गेली, स्टेप राहिली. वाडीतल्या कोणी ती क्लासला जाऊन शिकलेली नाही, बापाच्या मागे नाचत नाचत पोरगा शिकतो, मी पण तसाच शिकलो. म्हणून सगळे एकसारखे.

तू विचारलं नाहीस पण तुझ्या मेसेजमध्ये मला ऐकू आलं म्हणून सांगतो, मुलींनी कडेने चालायचं असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस. तुझी आत्या नाचायची, आजी गौरीच्या रात्री फुगड्या घालून परत सकाळी मिरवणुकीत असायची. पुढच्या वर्षी आजोबांच्या शेजारी उभी राहा, त्यांचा गुडघा दुखतो आता, त्यांना हात दे आणि हात कोपरातून कसा वर घ्यायचा ते त्यांच्याकडून बघून घे. सरांनी शिकवलेलं पण सोडू नकोस, त्यात तू छान करतेस, ते गॅदरिंगला कर.

गाणी मी आईच्या फोनवर पाठवतोय. आधी आजोबांना दाखव, ते काय म्हणतात ते रेकॉर्ड करून मला पाठव.

तुझा,
बाबा
दोहा