गाठ सोडू नकोस

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

कचरा आणि तापती हवा या विषयावर टाकाऊ वस्तूंतून तू जे चित्र करते आहेस, त्याचे फोटो नीट पाहिले. रडणारी पृथ्वी, भोवती बाटल्यांचा ढीग, वर लालभडक सूर्य. हात चांगला आहे, मेहनतही दिसते. पण बघणारा मान डोलावेल आणि पुढे जाईल. कचरा वाईट, उन्हाळा वाढतोय, हे आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. तुला दाखवायची आहे ती बेफिकिरी, आणि ती सगळं ठाऊक असतानाही टिकून राहते.

एकदा सकाळी गंगेवर, म्हणजे आपल्या नाशिकच्या गोदावरीवर जा. होळकर पुलावर थोडा वेळ उभी राहा. निर्माल्याची पिशवी घेऊन कुणीतरी येईल. फुलं वाटेत सांडू नयेत म्हणून घरूनच तिला घट्ट गाठ मारलेली असते. पिशवी पाण्यात पडली की माणूस हात जोडतो. त्याला बेफिकीर म्हणशील? देवाची फुलं पायदळी येऊ नयेत एवढी काळजी त्याला आहेच. फक्त ती काळजी कठड्यापाशी संपते. तुझा विषय मला त्या गाठीत दिसतो. काठाला लागलेली अशी पिशवी मिळाली तर हातमोजे घालून उचल. खालून कापून फुलं निर्माल्य कलशात टाक, पिशवी धुऊन वाळव. गाठ मात्र सोडू नकोस, रंगवूही नकोस.

प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि पुठ्ठा घेऊ नकोस. तो कचरा वेचणाऱ्या बायकांच्या पोटाचा माल आहे, भंगारात त्याला भाव मिळतो. वेफर्सची पाकिटं घे, ती भंगारवाला सहसा घेत नाही. प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते वेगळे करणं परवडत नाही.

आणखी एक जिन्नस तुझ्या दाराशी आहे. निफाड, दिंडोरीकडे अवकाळीच्या धास्तीने द्राक्षबागांवर प्लॅस्टिक अंथरतात. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी सोसली, त्यांना हा खर्च कशासाठी ते विचारावं लागत नाही. पण उन्हाने तेच प्लॅस्टिक जुनं होतं, धुरकट पडतं, तारेवर घासून फाटतं. बिघडलेल्या हवेपासून वाचायला आणलेली वस्तूच शेवटी कचरा होते, आणि प्लॅस्टिक मुळात बनतं तेही खनिज तेल आणि वायूपासूनच, ज्यांच्या जळण्याने हवा तापते. बागाईतदाराला विचारून एक फाटका तुकडा माग. त्याच्या बागेची हकिगतही ऐक. त्याला गुन्हेगार म्हणून चित्रात उभा केलास तर मी ते काम बघणार नाही.

कुठल्याही एका गारपिटीचं खापर सरसकट हवामान बदलावर फोडू नकोस. जे पक्कं आहे तेच बोल. ओला कचरा ढिगात दाबला गेला की हवेविना कुजतो आणि त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशोबात, वजनाला वजन धरलं तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. घंटागाडीत ओला-सुका एकत्र ओतणाऱ्या हाताचा आणि तापलेल्या हवेचा असा थेट संबंध आहे. तो रंगव.

आता थोडं हातातल्या कामाचं. कॅरीबॅगला फेविकॉल धरत नाही. वाळला की पापुद्रा सुटून येतो, कारण त्याला मुरायला जागाच मिळत नाही. शीव, बांध, तारेने ओव. घानात जन्मलेले आणि नायजेरियात अनेक वर्षं काम केलेले शिल्पकार एल अनात्सुई दारूच्या बाटल्यांची बुचं तांब्याच्या तारेने जोडून भिंतभर पडदे करतात, त्यांचे फोटो जरूर बघ. वर्तमानपत्र वापरलंस तर ते पिवळं पडणार, हे धरूनच चाल. वरून चकाकणारं रेझिन ओतू नकोस. तेही प्लॅस्टिकच, शिवाय त्याने फाटकी वस्तू शोभेची होते. आणि या कामासाठी नवीन काही विकत आणायचं असेल, तर सुई आणि तार एवढंच आण.

सध्या एकच काम कर, लहान कर. पिशवी कुठल्या घाटावर आणि कुठल्या तारखेला मिळाली, ते पेन्सिलीने कोपऱ्यात लिही. झालं की फोटो पाठव, पुढून आणि मागूनही. टाके कसे घेतलेस ते मला बघायचं आहे.