हे इंजेक्शन लागू पडेल का, हे आधी कळतं का?

सोलापूरच्या विडी घरकुल भागातल्या एक ताई, वय पंचेचाळीसच्या आसपास. रुमॅटॉइड संधिवात (शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो आजार) जुना. आठवड्याला 20 मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेट ही संधिवाताची गोळी घेऊनही बोटं सुजलेली, विडीचं पान धरवत नव्हतं. डॉक्टरांनी अडालिमुमॅब हे इंजेक्शन सुचवलं : 40 मिलिग्रॅम, दर पंधरा दिवसांनी. मुलाने विचारलं, "मॅडम, एवढा पैसा घालायचा, तर आईला लागू पडेल का हे रक्त तपासून आधी कळत नाही का?"

खात्रीने सांगणारी तपासणी रोजच्या वापरात नाही. अंदाज बांधता येतो. धूम्रपान आणि लठ्ठपणा असेल तर अशा टीएनएफ-रोधक (सूज वाढवणारं टीएनएफ हे प्रथिन अडवणाऱ्या) औषधांचा गुण कमी येतो. आरए फॅक्टर व अँटी-सीसीपी या रक्ततपासण्या पॉझिटिव्ह असतील तर रिटुक्सिमॅब या दुसऱ्या औषधाला प्रतिसाद मिळण्याची शक्यता वाढते. पण हातात असलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे मेथोट्रेक्सेट. "आता सुई चालू झाली, गोळ्या कशाला?" असं ताईंनी ठरवूनच टाकलं होतं. सोबतची गोळी सुटली की शरीर इंजेक्शनविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करण्याचा धोका वाढतो आणि गुण हळूहळू ओसरतो. गोळी थांबवायची की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

सुरू करण्याआधी क्षयरोग आणि हिपॅटायटिस बी-सीची तपासणी झाली. इंजेक्शनचं पेन 2 ते 8 अंशांत ठेवायचं; सोलापूरच्या उन्हाळ्यात दुकानातून आणताना थंड पिशवी हवीच, पण पेन बर्फाला टेकता कामा नये. गोठलेलं औषध फेकायचं.

बारा आठवड्यांनी ताई म्हणाल्या, "काहीच फरक नाही हो." डीएएस-28 (28 सांधे तपासून आजाराचा जोर मोजणारा आकडा) मात्र 6.7 वरून 4.8 वर आला होता. 1.2 पेक्षा जास्त घट म्हणजे औषध काम करतंय, लक्ष्य 3.2 किंवा खाली. मग आकडा अडला कुठे? दुखरे सांधे 8, सुजलेला फक्त 1. ईएसआर, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी, 48 वरून 20. सूज उतरली होती, दुखणं राहिलं होतं. ही तफावत नीट बघायला हवी, नाहीतर चांगलं चाललेलं औषध "फेल" ठरवून बदललं जातं. ताईंना रात्रभर झोप नव्हती, अंगभर दुखत होतं. डॉक्टरांनी इंजेक्शन तेच ठेवलं. झोपेवर उपचार आणि रोजचा हलका व्यायाम सुरू केला. सहाव्या महिन्यात पुन्हा मोजणी आहे. तेव्हा सूज परतलेली दिसली आणि लक्ष्यही गाठलेलं नसेल, तर औषध बदलायचं, असं मुलाशी बोलून ठरलं आहे.