हॅलोविनला भोपळा कोरणं आणि ट्रिक ऑर ट्रीट सोडून अजून कुठल्या गमतीशीर प्रथा आहेत? घरी पोरांसोबत काय करता येईल?

खरी मजा आयर्लंड-स्कॉटलंडच्या जुन्या प्रथांमध्ये आहे. तिकडे आधी भोपळा नव्हताच, सलगम कोरून त्यात मेणबत्ती लावायचे, पुढे तिकडचे लोक अमेरिकेत गेले आणि तिथे भोपळा मुबलक, वर कोरायला कितीतरी सोपा, म्हणून तो आला. कोरलेला सलगम दिसतो मात्र जाम भीतीदायक, सुकून सुरकुतला की अजूनच.

आयर्लंडमध्ये बार्मब्रॅक नावाचा मनुके घातलेला गोड ब्रेड करतात, त्यात वस्तू लपवायच्या, ज्याच्या तुकड्यात अंगठी येईल त्याचं लग्न ठरणार, नाणं आलं तर पैसा, आणि कापडाची चिंधी आली तर बिचाऱ्याच्या नशिबी गरिबी! लहान मुलं असतील तर वस्तू आत भाजू नका, घशात अडकू शकते, कागदात गुंडाळून प्लेटखाली ठेवा, तेवढीच धमाल येते.

स्कॉटलंडची पद्धत मला सगळ्यात जास्त आवडते, तिथे वेश करून दारात आलेल्या पोरांनी आधी गाणं, कविता नाहीतर जोक सादर करायचा आणि मगच खाऊ, नुसती पिशवी पुढे करून भागत नाही. बिल्डिंगमध्ये हे नक्की करून बघा.

आणि घरात खेळायचं तर स्कॉटलंडमध्ये दोरीला पाकात बुडवलेले स्कोन (छोटे, जाडसर पाव) लटकवतात आणि हात मागे बांधून खायचे. आपण डोनट लटकवायचे, खाली पेपर अंथरून ठेवा मात्र, फरशी चिकट होते.