मराठी मंडळाला ‘कम्युनिटीज ऑफ कलर’साठीचे क्षमताबांधणी अनुदान मिळू शकते का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : अमेरिकेतील आपले चारशे कुटुंबांचे मराठी मंडळ ५०१(सी)(३) म्हणजे करमुक्त सेवाभावी संस्था म्हणून नोंदलेले आहे, संचालक सगळे भारतीय आहेत, तेव्हा गौरेतर समाजांनी चालवलेल्या आणि त्याच समाजांसाठी काम करणाऱ्या संस्थांना जे क्षमताबांधणी अनुदान (संस्थेचा अंतर्गत कारभार बळकट करण्यासाठीचा पैसा) मिळते त्यात आपण बसतो का, आणि बसत असल्यास त्या पैशातून वेबसाइट, ध्वनियंत्रणा आणि अर्धवेळ हिशेबनीस यांची सोय करता येईल का?

कागदावर आपण बसता. बहुतेक ठिकाणी ‘चालवलेली’ याचा अर्थ निम्म्याहून अधिक संचालक आणि संस्थेचा प्रमुख त्या समाजांतले असणे असा घेतला जातो, आणि ‘त्यांच्यासाठी’ याचा अर्थ लाभ घेणाऱ्यांत त्यांची बहुसंख्या असणे. डॉक्टर, संगणक अभियंते आणि त्यांची मुले यांचे मंडळ या दोन्ही चाळण्यांतून सहज पार पडते. तरीही आपण अर्ज करू नये असे माझे मत आहे. त्याचे कारण सांगताना मला थोडे मागे जावे लागेल, कारण या अनुदानाचा एक पूर्ण फेरा मी हिशेबाच्या वहीच्या बाजूने पाहिलेला आहे.

मी पुण्यात सहा वर्षे एका सीएंच्या कार्यालयात काम केले होते. लग्नानंतर वॉशिंग्टन राज्यातील केंट येथे आले तेव्हा एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर नोकरी करण्याची परवानगी नव्हती. ग्रीनकार्डच्या रांगेत उभ्या असलेल्या आमच्यासारख्यांना ती २०१५ च्या मे अखेरीस मिळाली. मधल्या काळात मी एका लहानशा संस्थेचे हिशेब विनामोबदला लिहीत असे. भूतानमधून हाकलले गेलेले आणि पूर्व नेपाळच्या छावण्यांत जवळजवळ दोन दशके काढलेले नेपाळीभाषक लोक २००८ पासून अमेरिकेत येऊ लागले. त्यांच्यातील ज्येष्ठांना नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी तयार करणे हे या संस्थेचे मुख्य काम होते. संस्था चालवणाऱ्या बाई स्वतः छावणीत शाळा चालवून आलेल्या होत्या. त्यांना सगळे दिदी म्हणत, म्हणून मीही दिदीच म्हणत असे.

वर्ग एका गृहसंकुलाच्या सामाईक खोलीत भरत असे. संस्थेचे कार्यालय म्हणजे बुटांची तीन खोकी. थर्मल कागदावरची अक्षरे काही महिन्यांत उडून जातात, म्हणून दिदी प्रत्येक पावतीवर बॉलपेनने तारीख आणि रक्कम पुन्हा लिहून ठेवत. त्यांना हिशेब कळत नव्हता असे मुळीच नाही. हिशेब लिहायला लागणारे तास त्यांच्याकडे नव्हते. सरकारी कंत्राटाचे पैसे ‘आधी खर्च करा, मग बिल लावा’ या पद्धतीने येत आणि बिल मंजूर होईपर्यंत दोन-अडीच महिने सहज जात, त्यामुळे शिक्षिकेचा पगार आणि खोलीचे भाडे अनेकदा दिदींच्या स्वतःच्या क्रेडिट कार्डावर चढत असे. गाठीशी शिल्लक असलेल्या संस्थेला ही पद्धत जाणवतही नाही. शिल्लक कोणाकडे नसते याचा एक आकडा देते : नव्या सामाजिक संस्थांना पैसा देणारी इकोइंग ग्रीन आणि सल्लागार संस्था ब्रिजस्पॅन यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, इकोइंग ग्रीनच्या निवडप्रक्रियेत पुढच्या फेरीपर्यंत पोहोचलेल्या संस्थांची तुलना केली तेव्हा, कृष्णवर्णीयांनी चालवलेल्या संस्थांचे उत्पन्न गोऱ्यांच्या संस्थांपेक्षा सरासरी २४ टक्क्यांनी कमी निघाले, पण कशावरही खर्च करता येईल अशी त्यांची निव्वळ मालमत्ता तब्बल ७६ टक्क्यांनी कमी निघाली. मला या दोन आकड्यांतील दुसरा अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण क्रेडिट कार्डाचे व्याज तिथूनच सुरू होते.

नोकरी लागल्यावर माझे तिकडे जाणे सुटले. २०१७ मध्ये एका फाउंडेशनने संस्थेला तीस हजार डॉलरचे क्षमताबांधणी अनुदान दिल्याचे कळले आणि मला मनापासून आनंद झाला. अटी मला नंतर समजल्या. तिसांपैकी वीस हजार फाउंडेशनच्या यादीतील सल्लागारालाच द्यायचे होते. उरलेले दहा हजार प्रशिक्षण आणि साहित्य यांवर खर्च करता येत होते, पगारावर नाही. प्रशिक्षणाची सत्रे मंगळवारी दुपारी दोन वाजता सिएटलच्या मध्यवस्तीत ठेवली होती. संस्थेच्या सात संचालकांपैकी तिघे विमानतळावर आणि दोघे केंटच्या गोदामांत पाळीने काम करत असल्यामुळे प्रत्येक सत्राला कोणाची तरी त्या दिवसाची मजुरी बुडत असे.

त्यातील एका सत्राला दुभाषी म्हणून मी रजा घेऊन गेले होते. सल्लागाराने विचारले की, पाच वर्षांनी आपण स्वतःला कोठे पाहता? एक्काहत्तर वर्षांच्या एका संचालकांनी शांतपणे उत्तर दिले की, तेव्हा मी शहात्तर वर्षांचा असेन, आणि नागरिकत्व मिळाले असेल तर पासपोर्ट काढून नेपाळमध्ये राहिलेल्या भावाला भेटून येईन. मी भाषांतर केले. सल्लागाराने पिवळ्या चिठ्ठीवर ‘स्थैर्य’ असा शब्द लिहिला आणि ती भिंतीवर चिकटवली.

नऊ महिन्यांनी चौऱ्याहत्तर पानांची व्यूहात्मक योजना तयार झाली. ती एकाच बाजूने छापलेली होती, त्यामुळे कोऱ्या बाजू वर्गातील आजी-आजोबांना श्रुतलेखनाच्या सरावासाठी उपयोगी पडल्या. नागरिकत्वाच्या परीक्षेत तीनपैकी एक इंग्रजी वाक्य नीट लिहावे लागते, त्यासाठी कागद भरपूर लागतो.

त्यानंतर एप्रिल २०१८ मध्ये दिदींचा फोन आला. आयआरएसचे, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याचे, पत्र आले होते. संस्थेचे २०१५ आणि २०१६ या दोन वर्षांचे विवरणपत्र भरलेच गेलेले नव्हते, कारण आठवणीचे ईमेल पूर्वीच्या एका स्वयंसेवकाच्या पत्त्यावर जात होते आणि तो स्वयंसेवक केव्हाच टेक्सासला गेला होता. ओळीने तीन वर्षे विवरणपत्र भरले नाही की करमुक्त दर्जा आपोआप रद्द होतो, त्याला सुनावणी नसते. तिसऱ्या वर्षाची मुदत १५ मे होती. त्या तीन खोक्यांतून मी आणि दिदींच्या मुलीने तीन शनिवार-रविवारांत तिन्ही वर्षांची ९९०-ईझेड ही विवरणपत्रे उभी केली आणि सोबत दंडमाफीचा अर्ज जोडला. दिदींनी पावत्यांवर बॉलपेन फिरवले नसते तर ते अशक्य होते. वीस हजार डॉलर घेणारा माणूस नऊ महिने या संस्थेत येत-जात होता आणि विवरणपत्र भरले आहे का, हा प्रश्न त्याच्या कराराच्या कक्षेतच नव्हता.

ही गोष्ट मी आमच्या इथल्या मराठी मंडळातील एका काकांना सांगितली. काका निवृत्त अभियंते आहेत आणि दिलदार आहेत. त्यांनी तिथल्या तिथे दोन हजार डॉलर देऊ केले. मात्र अट घातली की त्यातील एक डॉलरही पगारावर जाता कामा नये, लोकांना तांदूळ घेऊन द्यावा. मी म्हटले, काका, या लोकांच्या घरी तांदूळ आहे, हिशेबनीस नाही. त्यावर ते म्हणाले की पगार घेऊन केली ती सेवा कसली. गणपतीच्या महाप्रसादाच्या रांगेत आमचा हा वाद अर्धा तास चालला आणि मागच्या लोकांना भात उशिरा मिळाला. अखेरीस तांदूळच आला. पोती ठेवायला जागा नव्हती म्हणून दोन महिने तो वर्ग पोत्यांच्या मधोमध भरत होता.

त्या दिवशी मला सुचले नाही ते आज लिहिते. त्याच महाप्रसादाच्या मांडवात ध्वनियंत्रणावाल्याला, सभागृहाला आणि पाहुण्या गायकांना मंडळाने पूर्ण पैसे मोजले होते, आणि त्याला कोणीही ‘ओव्हरहेड’ म्हटले नाही. प्रशासकीय खर्चाची चीड आपल्याला दुसऱ्याच्या संस्थेत पैसे देतानाच येते. अमेरिकेच्या केंद्र सरकारनेसुद्धा, ज्या संस्थेकडे अप्रत्यक्ष खर्चाचा वाटाघाटीने ठरवलेला दर नाही तिला वाटाघाटीशिवाय लावता येणारा कमाल दर ऑक्टोबर २०२४ पासून १० वरून १५ टक्के केला आहे. म्हणजे सरकारच म्हणते की शंभर डॉलरचे काम करायला वर पंधरा डॉलरची वीज, भाडे आणि हिशेब लागतो. काका हे वाचत असतील तर त्यांनी राग मानू नये. पण मी माघार घेतलेली नाही.

आता आपल्या मंडळाकडे वळते. अर्जात आपण बहुधा आशियाई समाजांच्या उपेक्षेचा आकडा टाकाल, आणि तो खराच आहे : एएपीआयपी या देणगीक्षेत्रातील आशियाई-पॅसिफिक समाजांच्या संस्थेच्या २०२१ च्या अहवालानुसार अमेरिकी फाउंडेशनांनी दिलेल्या प्रत्येक १०० डॉलरमागे आशियाई व पॅसिफिक बेटवासी समाजांच्या नावाने केवळ २० सेंट गेले. पण त्या २० सेंटमध्ये दिदींची माणसेही आहेत आणि आपणही आहात. चाळणी एकच असल्यामुळे, ज्यांच्याकडे सुबक इंग्रजी, सनदी लेखापाल आणि फावला शनिवार आहे त्यांचाच अर्ज अधिक देखणा दिसतो. वर्ण हा अमेरिकेतील अन्यायाचा मोठा धागा आहे हे मला मान्य आहे, परंतु आपण येथे येताना जात, शिक्षण आणि जमीनजुमला यांचे जे गाठोडे बरोबर आणले ते ‘गौरेतर’ या एका रकान्यात दिसत नाही. माझ्या दृष्टीने संस्था कोण चालवते हे ओळखायची खूण वेगळी आहे : धनादेशावर सही कोण करतो, आणि ज्याच्यासाठी संस्था आहे त्या माणसाला ती सही अडवता येते का. दिदींच्या संस्थेत येत होती. त्या एक्काहत्तर वर्षांच्या गृहस्थांची दुसरी सही असल्याशिवाय पाचशे डॉलरच्या वरचा धनादेश निघत नसे.

सगळे फाउंडेशन सारखे नसतात हे येथे नोंदवले पाहिजे. फोर्ड फाउंडेशनने २०१६ मध्ये ‘बिल्ड’ नावाने एक अब्ज डॉलरचा कार्यक्रम सुरू केला तेव्हा पाच वर्षांचा, लवचीक आणि संस्थेच्या अंतर्गत बळकटीसाठीच राखलेला पैसा दिला. अब्जाधीश देणगीदार मॅकेन्झी स्कॉट यांनी २०२० पासून बिनअटीच्या मोठ्या देणग्या दिल्या. आमच्या किंग काउंटीत ‘बेस्ट स्टार्ट्स फॉर किड्स’ या मतदारांनी २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये मंजूर केलेल्या करातून अर्ज लिहिण्यासाठीसुद्धा लहान संस्थांना विनामूल्य मदत मिळते. आणि त्या सल्लागाराविषयी मी वर जरा कठोर लिहिले आहे. त्याला जे काम सांगितले ते त्याने केले, चूक काम सांगणाऱ्यांची होती.

कायद्याची बाजूही बदलली आहे. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशांतील वर्णाचा विचार रद्दबातल ठरवल्यानंतर दोनच महिन्यांत अटलांटातील फियरलेस फंड या गुंतवणूक संस्थेवर दावा दाखल झाला, कारण त्यांची वीस हजार डॉलरची अनुदान-स्पर्धा केवळ कृष्णवर्णीय महिला उद्योजकांसाठी होती. जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने ती स्पर्धा थांबवली आणि सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ती बंदच झाली. ज्या कायद्याच्या आधारे हे घडले तो १८६६ चा कायदा गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या लोकांना करार करण्याचा हक्क मिळावा म्हणून केलेला होता. ते प्रकरण व्यवसायांचे होते, आपल्यासारख्या संस्थांचे नव्हे, आणि तो निकाल वॉशिंग्टन राज्यावर बंधनकारकही नाही. तरी तेव्हापासून अनेक ठिकाणी जाहिरातींतील ‘चालवलेल्या’ हा शब्द गळून ‘समाजात रुजलेल्या’ असा शब्द आला आहे. जानेवारी २०२५ मधील राष्ट्राध्यक्षांच्या आदेशांनंतर सरकारी पैशाच्या बाबतीत तर भाषा आणखी जपून वापरली जाते. मी वकील नाही. प्रत्यक्ष अर्ज करण्यापूर्वी पात्रतेचा मजकूर आजच्या तारखेचा आहे ना, एवढे तपासावे.

राहिला हिशेबनिसाचा प्रश्न. तो आपल्याला खरोखर हवा आहे याविषयी माझे दुमत नाही, आणि ध्वनियंत्रणेच्या आधी हवा आहे. चारशे कुटुंबांची वार्षिक वर्गणी प्रत्येकी वीस डॉलरने वाढवली तर आठ हजार डॉलर जमतात. तासाला तीस डॉलर धरले तरी महिन्याला बावीस तास येणारा माणूस त्यात मिळतो. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा ठराव मांडा, आणि पगार घेऊन केली ती सेवा कसली असे कोणी म्हणाले तर त्यांना महाप्रसादाच्या रांगेत नव्हे, सभेतच उत्तर द्या. भात थंड होत नाही.