मोठी लेक नकोशी वाटतेय, मी वाईट आई आहे का?

दुसरं बाळ घरी आलं की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या आया बहुतेक करून मोठ्याची तक्रार घेऊन येतात. मोठा हट्टी झालाय, मोठी परत चड्डीत शू करायलीय, बाळाला चिमटे काढते, बाटलीनं दूध मागते. हे इतक्यांदा ऐकलं की आज लिहायलाच बसले, कारण या तक्रारीच्या खाली दुसरीच एक गोष्ट असते आणि ती बाई कुणालाच सांगत नाही, नवऱ्याला नाही, स्वतःच्या आईला तर नाहीच. ती म्हणजे मोठं लेकरू आता पहिल्यासारखं जवळचं वाटत नाही.

स्वाती (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्यात) जुळे सोलापुरातली, नवरा एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, मोठी मुलगी चार वर्षांची आणि आता मुलगा झालेला, सिझरनं. सव्वा महिना संपला तशी आली. सोबत लेक पण होती, ती कोपऱ्यातल्या टेबलावर चित्र रंगवत बसली.

"मॅडम, लई त्रास द्यायलीय ओ ही. मी बाळाला पाजायला घेतलं की हिला तेव्हाच मांडीवर बसायचं असतंय. टाके दुखतात, मग मी ढकलते."

"ढकलल्यावर काय वाटतं?"

बराच वेळ काही बोलली नाही. मग एकदम म्हणाली, "सुटल्यासारखं वाटतं." आणि ओढणीत तोंड घालून रडायला लागली. "तिचा हात लागला तरी नको वाटतं ओ. एवढे मोठे हात कधी झाले हिचे? मी वाईट आई आहे का मॅडम?"

तिला मी सांगितलं ते इथंही सांगते. दिवसभर बाळाच्या इवल्याशा मुठी हाताळल्या की चार वर्षांचं लेकरू अचानक दांडगं दिसायला लागतं, हे कित्येक आयांनी मला सांगितलंय. त्यात टाके ओले, झोप तुकड्यातुकड्यांची, बाळ सतत अंगाला चिकटलेलं, मग आणखी एक स्पर्श शरीराला सोसत नाही. ते प्रेम आटणं नव्हे, शरीर थकलेलं असतं.

पण एवढ्यानं तिचं समाधान होईना. पुढच्या भेटीत मी तिला बाळ घरी आलं तो दिवस विचारला. आत्यानं म्हणजे सासूबाईंनी उंबऱ्यावर भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, बाळ स्वातीच्याच हातात, शेजारच्या बायका सगळ्या बाळाकडं वाकलेल्या, आणि लेक सोफ्यामागं जाऊन उभी राहिली. स्वातीनं हाक मारली तर तोंड फिरवलं. "एवढे दिवस आई दवाखान्यात होती आणि हिला काहीच नाही बघा," ती म्हणाली.

इथं मला आई-लेकराच्या ओढीचा अभ्यास करणारे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी आठवतात, आणि माझं सगळं काम त्यांच्याच विचारावर उभं आहे हे मी लपवत नाही. ते आणि त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी लंडनमध्ये 1950 च्या सुमारास दवाखान्यात एकट्या ठेवलेल्या लहान मुलांचं निरीक्षण केलं. मुलं आधी आकांत करायची, मग खचून गप्प व्हायची, आणि खूप दिवसांनी आई भेटली की तिच्याकडं पाठ फिरवायची. पाठ फिरवणं म्हणजे ओढ संपली असं नाही, ओढ फार दुखली म्हणून ते लेकरू स्वतःला सांभाळत असतं. स्वातीच्या लेकीचे दिवस थोडेच होते, पण घरी आलेली आई परत शेक-शेगडीच्या बंद खोलीत गेली आणि ही आजीजवळ झोपायला लागली, म्हणजे तिच्या हिशेबानं आई अजून आलेलीच नव्हती.

हे बोलणं चालू असताना लेक चित्र दाखवायला आली, स्वातीच्या गुडघ्यावर कागद ठेवला. स्वातीनं चित्राकडं बघितलंच नाही, तिनं लेकीची बोटं धरली.

"नखं कुणी कापली गं?"

"आजीनं."

मला म्हणाली, "हिची नखं मी कापते ओ. दर रविवारी. करंगळीचं शेवटी, ती हसते तेव्हा." आणि त्यानंतर जे रडली ते आधीच्यापेक्षा वेगळं होतं, लेक बाजूला उभी राहून बघत होती आणि स्वातीनं तिला ढकललं नाही.

तिथं मला कळलं की आपण इतका वेळ चुकीच्या प्रश्नाभोवती फिरतोय. सगळे म्हणतात मोठ्या लेकराची आई वाटली गेली, आईचंही काहीतरी गेलंय हे कुणी बोलतच नाही. चार वर्षं दोघीच होत्या, ती जोडी मोडली. ती अपराधी बाई नव्हती, तिला लेकीची आठवण येत होती, एकाच घरात राहून.

"हे तिला सांगा," मी म्हणाले. "रविवारी बाळ आत्यांकडं द्या, नखं तुम्ही कापा, आणि तेव्हा सांगा की मला तुझी आठवण येते."

पुढच्या वेळी स्वाती सांगत होती, लेकीनं विचारलं, "माझी? मी तर इथंच हाय की." मग स्वतःच पुढं म्हणाली, "मला पण येते." चिमटे लगेच थांबले नाहीत, शू तर अजून काही आठवडे चालली, पण स्वातीला तिचा हात नकोसा वाटायचा थांबला. मला तेवढंच हवं होतं, बाकीचं मागून येतंच. अशा आया मला सिद्धेश्वरच्या गड्डा यात्रेत दोन्ही पोरं घेऊन भेटतात तेव्हा फार बरं वाटतं.

तर तुमच्या घरी बाळ यायचं असेल तर, घरात शिरताना बाळ दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या, तुमचे हात मोठ्यासाठी मोकळे पाहिजेत. सिझर झालं असेल तर उचलू नका, खाली बसा आणि त्याला कुशीत घ्या. "आता तू मोठी झालीस" हे घरातल्या सगळ्यांनी बंद करा, तिला बाटली हवी असेल तर चार दिवस द्या, सुटते ती. रोज दहा-पंधरा मिनिटं, तुमचं दोघांचंच जे आधी होतं ते, नखं असो, वेणी असो, नाहीतर कडक भाकरी कुस्करून दुधात खाणं. नवीन काही आणायची गरज नाही. चिमटे काढत असेल तर दोघांना एकटं सोडू नका, आणि मारू तर नकाच. शू करताना जळजळत असेल किंवा तहान फार लागत असेल तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, सगळं मनाचंच असतं असं नाही.

आणि आयांनो, पहिले दहा-बारा दिवस रडू येणं चालतं, पण दोन आठवड्यांपुढेही रडू थांबत नाही, बाळ झोपलं तरी तुम्हाला झोप येत नाही, कशातच मन लागत नाही, तर डॉक्टरांना सांगा. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असा विचार आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, एकट्या राहू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन फुकट लागतो, रात्रीसुद्धा, आणि मराठीत बोलता येतं.