तिसरी-चौथीच्या मुलांना अनेकार्थी शब्दांचा नेमका अर्थ वाक्यावरून ओळखायला कसे शिकवावे?

अर्थांची यादी पाठ करून घेण्याऐवजी शब्द वाक्यात द्यावा, ‘हा अर्थ कशावरून कळला?’ असे विचारावे आणि मुलाला त्या खुणेखाली रेघ मारायला लावावी. मराठीत बरीच विशेषणे, ‘चा-ची-चे’ आणि क्रियापदाची अनेक रूपे नामाच्या लिंगाप्रमाणे बदलत असल्यामुळे ‘त्याची नाव बुडाली’ म्हणजे होडी आणि ‘त्याचे नाव बुडाले’ म्हणजे लौकिक, हे रूपांवरूनच उलगडते. ही जाण मराठी बोलणाऱ्या मुलांना आधीच असते, फक्त ती बोट ठेवून दाखवावी लागते. ‘पान’ मात्र झाडाचे, वहीचे, विड्याचे वा जेवणाचे असो, नपुंसकलिंगीच राहते, म्हणून तेथे ‘गळले’, ‘उलटले’, ‘चघळले’, ‘वाढले’ अशा शेजारच्या क्रियापदांकडेच लक्ष वेधावे.