मराठी १ चा इंग्रजी ९ झाला : चुकीच्या खात्यात गेलेली रोकड आणि ओव्हरड्राफ्टचा भुर्दंड

प्रश्न : माझे कापडाचे दुकान आहे. राष्ट्रीयीकृत बँकेत तीन लाखांचे ओव्हरड्राफ्ट खाते आहे, म्हणजे शिल्लक नसली तरी तीन लाखांच्या लिमिटपर्यंत उचल घेता येते. ३ तारखेला मी काउंटरवर ८४,५०० रुपये रोख भरले. स्लिप मराठीत भरली होती. कॅशियरने खाते क्रमांकातला १ हा ९ वाचला आणि रक्कम दुसऱ्याच्या खात्यात गेली. ५ तारखेला त्याच बँकेतल्या कर्जाचा १८,४०० चा हप्ता कापला गेला व खाते लिमिटच्या बाहेर गेले. ७ तारखेला व्यापाऱ्याला दिलेला ६२,००० चा चेक परत गेला. १२ तारखेला बँकेने चूक दुरुस्त केली, पण जमा १२ तारखेचीच दाखवली. चेक परतीचे ५९० आणि दंड ६०० रुपये लावले. मॅनेजर म्हणतात, ‘आकडे इंग्रजीत लिहायला हवे होते.’ आता व्यापाऱ्याच्या वकिलाची नोटीस आली आहे. काय करू?

उत्तर : आधी नोटीस, मग बँक. बँकेशी भांडण दोन महिने चालले तरी बिघडत नाही. नोटिशीची मुदत मात्र नोटीस हाती पडल्यापासून १५ दिवसांची आहे. तेवढ्यात ६२,००० न दिल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (चेकसंबंधीच्या कायद्याच्या) कलम १३८ खाली फौजदारी तक्रार करण्याचा व्यापाऱ्याचा मार्ग मोकळा होतो. चूक बँकेची होती हा बचाव तुमच्याकडे आहे, पण तो कोर्टात तारखा घेत मांडण्यापेक्षा पैसे देऊन टाकणे स्वस्त. रक्कम एनईएफटीने, म्हणजे थेट त्याच्या बँक खात्यात पाठवा, रोख देऊ नका. सोबत नोटिशीला लेखी उत्तर द्या, त्यात बँकेची चूक तारखांसह नमूद करा आणि मूळ चेक व रिटर्न मेमो (चेक परत गेल्याची बँकेची चिठ्ठी) परत मागा. चेक तीन महिने जिवंत असतो आणि तेवढ्यात तो पुन्हा बँकेत टाकता येतो. तुम्ही रक्कम पाठवली आणि चेकही वटला, तर तेच पैसे दोनदा जातील.

आता मॅनेजरसाहेबांच्या मराठी आकड्यांबद्दल. मराठी १ घाईत इंग्रजी ९ सारखा दिसतो, मराठी ४ इंग्रजी ८ सारखा, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॅशियरला ठाऊक असते. ग्राहकांसाठीचे छापील फॉर्म हिंदी, इंग्रजी व प्रादेशिक भाषेत ठेवा आणि प्रादेशिक भाषेत लिहिलेले चेक स्वीकारा, अशा रिझर्व्ह बँकेच्याच सूचना आहेत. तेव्हा स्लिप मराठीत भरणे ही तुमची चूक ठरत नाही. शिवाय स्लिपवर तुमचे नावही होते. क्रमांक टाकताच पडद्यावर खातेदाराचे नाव येते आणि ते स्लिपवरच्या नावाशी ताडून पाहणे कॅशियरचे काम. बँक कदाचित २०१० च्या परिपत्रकाचा आधार घेईल, की फक्त खाते क्रमांकावरून रक्कम जमा करता येते. ते परिपत्रक एनईएफटीसारख्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांचे आहे. काउंटरवरच्या रोख भरण्याला ते लावू देऊ नका.

त्या संध्याकाळीच चूक का सापडली नाही, असे तुम्हाला वाटत असेल. दिवसअखेर कॅशियर नोटा मोजतो, खाती नाही. पाचशेच्या १६९ नोटा गल्ल्यात होत्या आणि संगणकातही ८४,५०० दिसत होते, म्हणजे रोकड जुळली. ही चूक बहुतेक वेळा खातेदारच पकडतो. जमेचा एसएमएस आला नाही तेव्हाच विचारायला हवे होते, हे बँक ऐकवेलच. त्याने मनस्तापाच्या भरपाईला थोडी कात्री लागू शकते, पण बँकेची जबाबदारी संपत नाही.

बँकेकडून नेमके काय मागायचे? ८४,५०० ची जमा ३ तारखेच्या व्हॅल्यू डेटने, म्हणजे व्याज-हिशेबासाठी ३ तारखेलाच झाली असे धरावी, ही मुख्य मागणी. ३ तारखेला तुमची उचल २,८८,००० होती. रक्कम योग्य खात्यात पडती तर उचल २,०३,५०० वर आली असती आणि हप्ता व चेक दोन्ही गेल्यावरही २,८३,९०० वरच थांबली असती, लिमिटच्या आत. म्हणून दंड आणि चेक परतीचे शुल्क जीएसटीसह उलटवावे लागेल. १२ टक्के दराने नऊ दिवसांचे जादा व्याज सुमारे २५० रुपये भरते, तेही मागा. खात्यात पुरेशी रक्कम असूनही बँकेने चेक परत केला, तर वरच्याच अधिनियमाच्या कलम ३१ प्रमाणे झालेले नुकसान तिने चेक देणाऱ्याला भरून द्यायचे असते. नोटिशीला उत्तर देण्याचा वकिलाचा खर्च याच सदरात टाका. व्यापाऱ्याच्या नावे चूक कबूल करणारे पत्रही मागा. बाजारात पत टिकवायला तेच जास्त उपयोगी पडते.

अर्ज शाखा व्यवस्थापकांच्या नावे करा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्क्याची पोच घ्या. शिक्का मारलेल्या काउंटरफॉइलची झेरॉक्स जोडा. मूळ तुकडा ‘पडताळणीसाठी’ मागितला तरी हातातून सोडू नका. तुमच्या स्लिपचा बँकेकडे राहिलेला अर्धा भाग आणि त्या दिवशीचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावे, असे अर्जातच लिहा. चित्रण कायम ठेवले जात नाही.

३० दिवसांत उत्तर नाही, किंवा आले ते मान्य नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर ती होते, फी नाही, वकीलही लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. ग्राहक आयोगाचा रस्ता मी तुम्हाला आधी सुचवणार नाही. श्रीकांत मंत्री विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या २०२२ च्या निकालात, धंद्यासाठी ओव्हरड्राफ्ट घेणारे शेअर दलाल ‘ग्राहक’ नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. दुकान हेच तुमच्या पोटापाण्याचे साधन आहे आणि ते तुम्ही स्वतः चालवता, असा अपवाद मांडता येतो, पण आधी त्यावरच वर्षभर वाद होईल. एकाच कारणासाठी दोन्हीकडे अर्ज करू नका. आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल तुमची तक्रार घेत नाही.

बँक हजार-बाराशे परत करायला बहुधा लवकर तयार होईल आणि ‘पूर्ण व अंतिम समझोता’ असा कागद पुढे करेल. व्यापाऱ्याकडून मूळ चेक परत मिळेपर्यंत त्यावर सही करू नका.